खिशात मावणारा कॅमेरा कसा निवडायचा: सातारकरांसाठी

फोनमध्ये कॅमेरा असताना वेगळा छोटा कॅमेरा कशाला, हा प्रश्न घरात कुणीतरी विचारतंच, आणि तो विचारायलाच हवा. आजच्या महागड्या फोनचा मुख्य सेन्सर, म्हणजे लेन्समागचा उजेड टिपणारा तुकडा, स्वस्तातल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा मोठा असतो. त्यामुळे घरातला वाढदिवस, हॉटेलातली पंगत, गणपतीची आरास असे फोटो चांगल्या फोनवर उलट जास्त बरे येतात. तुमचे बहुतेक फोटो असेच असतील तर पैसे खर्च करू नका.

फोन अडतो तो वेगळ्या ठिकाणी. तळ्याच्या पलीकडचा पक्षी त्याला जवळ आणता येत नाही. त्याचा फ्लॅश म्हणजे एक छोटी टॉर्च असते, तर कॅमेऱ्यातला झेनॉन फ्लॅश क्षणभर लखकन पेटतो आणि नाचणाऱ्या माणसालाही जागच्या जागी गोठवतो. ठोसेघरला तुषार अंगावर आले की फोनची ओली काच बोटांना दाद देत नाही. कॅमेऱ्याचं बटण मात्र ओल्या हातानंही दाबता येतं. शिवाय कॅमेऱ्यावर दिवसभर फोटो काढले तरी घरी फोन लावण्यापुरती बॅटरी फोनात उरते. यातल्या एकदोन गोष्टी तरी तुम्हाला खरोखर हव्या असतील तर पुढे वाचा.

आधी फोटोंची यादी, मग मॉडेलचं नाव

बहुतेक जण उलटं करतात. व्हिडिओत कुणीतरी एखाद्या कॅमेऱ्याचं कौतुक केलेलं असतं, तेच नाव घेऊन दुकानात जातात. त्याऐवजी एक कागद घ्या आणि वर्षभरात तुम्हाला नक्की काढायचे असलेले पाच-सहा फोटो लिहा. आपल्या जिल्ह्यात विषयांना तोटा नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात कासची फुलं, हिवाळ्यात मायणी आणि येरळवाडीच्या पाण्यावरचे पक्षी, तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला होणारं माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण, लिंबची बारा मोटेची विहीर, मेणवलीचा घाट, चुलतभावाची हळद.

प्रत्येक फोटोपुढे चार गोष्टी लिहा: विषय किती लांब असेल, उजेड किती असेल, तो हलता असेल का, आणि पाणी किंवा धूळ असेल का. येरळवाडीच्या पक्ष्यापुढे येईल ‘लांब, भरपूर ऊन, हलता, धूळ’. विहिरीपुढे येईल ‘जवळ, अंधार, स्थिर’. हे दोन फोटो एकाच छोट्या कॅमेऱ्यातून उत्तम येणार नाहीत. हे दुकानदार सांगेलच असं नाही, म्हणून ते कागदावर दिसायला हवं.

तीनपैकी दोनच मिळतात

लहान आकार, लांब झूम आणि कमी उजेडात चांगला फोटो या तीन गोष्टींपैकी दोनच एका कॅमेऱ्यात मिळतात. कारण साधं आहे. सेन्सर मोठा झाला की त्याच्यावर तेवढंच लांबचं दृश्य पाडायला लेन्सही लांब आणि जाड लागते, आणि ती शर्टाच्या खिशात मावत नाही. खिशात मावायला हवा असेल तर कंपनीला सेन्सर तरी लहान ठेवावा लागतो किंवा झूम तरी कमी करावा लागतो.

सोनीच्या आरएक्स १०० मालिकेत हे स्वच्छ दिसतं. या मालिकेचा पहिला कॅमेरा २०१२ साली आला. २०१४ च्या तिसऱ्या मॉडेलची लेन्स २४ ते ७० मिलिमीटरची, एफ १.८ ते २.८ होती (मिलिमीटरचा आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ येतं, एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त). २०१९ च्या सातव्या मॉडेलमध्ये झूम २४ ते २०० मिलिमीटरपर्यंत वाढला, पण लेन्स एफ २.८ ते ४.५ झाली. सेन्सर तोच एक इंची, आकारही जवळपास तोच. झूम वाढवताना उजेड गमवावा लागला. म्हणून नवीन मॉडेल ते चांगलंच, असा हिशोब इथे चालत नाही. देवळाच्या गाभाऱ्यात आणि संध्याकाळच्या घाटावर फोटो काढणाऱ्यानं सातव्याऐवजी तिसरं मॉडेल निवडावं असं मी म्हणेन.

सेन्सर आणि लेन्सवरचे आकडे

सगळी माहितीपत्रकं बाजूला ठेवून फक्त दोनच गोष्टी बघायच्या झाल्या तर या बघा.

छोट्या कॅमेऱ्यांत सर्रास दिसणारा सेन्सर ‘१/२.३ इंची’ असतो. त्याचं माप साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. ‘एक इंची’ सेन्सर नावाप्रमाणे एक इंच मुळीच नसतो. तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. तरी पहिल्याच्या चौपट झाला. रिको जीआर ३ सारख्या कॅमेऱ्यात एपीएस-सी सेन्सर असतो, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. तो पहिल्याच्या तेरापट भरतो, पण त्याबदल्यात झूम अजिबात नाही आणि फ्लॅशही नाही.

आता लेन्स. कॅमेरा हातात घेऊन लेन्सच्या तोंडाभोवतीची बारीक अक्षरं वाचा. कॅननच्या जी७ एक्स मार्क २ वर ‘८.८–३६.८ मिमी १:१.८–२.८’ असे आकडे आहेत, तर एसएक्स ७४० वर ‘४.३–१७२ मिमी १:३.३–६.९’. शेवटचे दोन आकडे महत्त्वाचे. पहिला झूम न करता लेन्स किती उघडते ते सांगतो, दुसरा पूर्ण झूमवर किती उघडते ते. आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त, आणि तो वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३.३ भागिले १.८, त्याचा वर्ग म्हणजे ३.४. जी७ एक्सची लेन्स तेवढ्या पट उजेड आत घेते. त्यात सेन्सरची चौपट धरली की एकाच शटर वेगाला, म्हणजे दोघांनी सारखाच वेळ उजेड आत घेतला तर, जी७ एक्सच्या सेन्सरवर जवळजवळ चौदा पट उजेड गोळा होतो.

चौदा पट म्हणजे प्रत्यक्षात काय, ते बारा मोटेच्या विहिरीच्या जिन्यात कळतं. खाली कमानीजवळ उभं राहून १/३० सेकंदाला जी७ एक्सनं आयएसओ ४०० वर फोटो काढला (आयएसओ म्हणजे सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा तो आकडा, तो चढला की फोटोत दाणे येतात), तर एसएक्स ७४० ला त्याच जागी आयएसओ १३०० च्या आसपास जावं लागतं, आणि तेही चौपट लहान सेन्सरवर. मग दगडावरच्या छिन्नीच्या खुणा, शेवाळाची बारीक लव, कोरीव कामाच्या कडा हे सगळं पुसट होतं. कॅमेरा आतल्या आत दाणे पुसायला जातो आणि दाण्यांबरोबर दगडाचा पोतही पुसून टाकतो. फोनच्या पडद्यावर हे कळत नाही, मोठा प्रिंट काढला की डोळ्यात भरतं.

पण येरळवाडीच्या काठावर, भर उन्हात, हाच एसएक्स ७४० जी७ एक्सला मागे टाकतो. त्याचा झूम पस्तीस मिमी फिल्मच्या हिशोबात (लेन्सवरचे आकडे नव्हेत, कॅमेऱ्यांची आपसात तुलना करायला हेच वापरतात) २४ ते ९६० मिलिमीटर, तर जी७ एक्सचा १०० वरच थांबतो. १०० मिलिमीटरला पक्षी म्हणजे पाण्यावरचा एक ठिपका. पक्ष्यांसाठी निदान ४०० ते ६०० मिलिमीटर हवेत.

‘४० एक्स’ हा आकडा मात्र फसवा आहे. तो फक्त शेवटचा भागिले पहिला एवढंच सांगतो. ‘एक्स’ न विचारता पस्तीस मिमीच्या हिशोबातले मिलिमीटर विचारा. आणि झूमवर पैसे टाकण्याआधी आपली हवाही लक्षात घ्या. मार्च-एप्रिलच्या धुरकट दुपारी अजिंक्यताऱ्यावरून यवतेश्वराकडे ९६० मिलिमीटरनं पाहिलं तर हवेचा थरथराटच टिपला जातो. ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर धुतलेल्या हवेत तोच झूम सोन्यासारखा वाटतो.

कासला जाणाऱ्यांनी बघायचा आकडा

फुलांसाठी कॅमेरा घेताना लोक ‘मॅक्रो १ सेंटीमीटर’ (म्हणजे एवढ्या जवळून फोटो येतो) असं खोक्यावर वाचतात आणि खूश होतात. हा एक सेंटीमीटर बहुतेक कॅमेऱ्यांत झूम न करता, म्हणजे सगळ्यात रुंद कोनाला मिळतो. त्यासाठी लेन्स फुलाला जवळजवळ टेकवावी लागते, तिची सावली फुलावर पडते आणि मागचं अर्धं पठार फोटोत येतं. कासवर ते करताही येत नाही आणि करूही नये. ठरलेली वाट सोडून आत पाय टाकला की एका पावलाखाली गेंद, सीतेची आसवं आणि त्यांची पुढच्या वर्षीची रोपं चिरडतात.

म्हणून विचारायचा आकडा हा: पूर्ण झूमवर कॅमेरा किती जवळून फोकस करतो? पहिल्या आरएक्स १०० ला ५५ सेंटीमीटर लागतात, जी७ एक्स मार्क २ ला ४०, तिसऱ्या आरएक्स १०० ला ३०. वाटेवर बसून, हात थोडा पुढे करून, कडेच्या सीतेच्या आसवांचं नखाएवढं जांभळं फूल टिपायचं तर हे अंतर निर्णायक ठरतं. हा आकडा खोक्यावर नसतो, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो. मॅन्युअल फुकट डाउनलोड होतं, खरेदीच्या आधी ते पान उघडून बघाच.

या कामात एक कॅमेरा वेगळा उठून दिसतो. ऑलिंपसची टफ टीजी मालिका, जिचं टीजी-७ हे मॉडेल २०२३ मध्ये ओएम सिस्टीम या नावानं आलं. तिच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये झूम करूनही एक सेंटीमीटरपर्यंत फोकस होतो. कॅमेरा १५ मीटर खोल पाण्यात चालतो, म्हणजे कासच्या पावसाची काळजी नाही. सेन्सर मात्र लहान १/२.३ इंची गटातला, १२ मेगापिक्सेलचा आणि झूम १०० मिलिमीटरपर्यंतच. पावसाळी भटकंती हाच ज्याचा मुख्य छंद आहे त्याला मी हाच कॅमेरा सांगेन. लग्न-मुंजीसाठी नाही.

मेगापिक्सेल आणि व्हिडिओ, थोडक्यात

सहा बाय चारच्या प्रिंटला सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात, ए-फोरला पावणेनऊ. बारा-वीस मेगापिक्सेलच्या पुढचा आकडा छोट्या कॅमेऱ्यात विसरून जा. व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर बाहेरचा माइक लावायची सोय आणि समोर वळणारा पडदा बघा. सोनी झेडव्ही-१ त्यासाठीच बनवलेला आहे, पण त्यात फ्लॅश नाही आणि डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडरही नाही.

व्ह्यूफाइंडरकडे दुर्लक्ष करू नका. माण-खटावच्या दुपारच्या उन्हात पडद्यावर स्वतःचा चेहराच दिसतो. तिसऱ्या मॉडेलपासून पुढच्या आरएक्स १०० मध्ये तो वर उघडतो. लांब झूमचे फोटो काढणाऱ्याला कॅमेरा कपाळाला टेकवता आला की हातही कमी हलतो.

दुकानात करायची परीक्षा

स्वतःचं एक एसडी कार्ड घेऊन जा. पोवई नाक्यावर घ्या, राजपथावर घ्या की पुण्याला जाऊन घ्या, परीक्षा तीच.

आधी दुकानाच्या दारात उभं राहून समोरच्या पाटीवर पूर्ण झूम करा आणि फ्लॅश बंद ठेवून चार फोटो काढा. अक्षरांच्या कडा चारांपैकी किती फोटोंत स्वच्छ आहेत ते बघा. एक चांगला येणं पुरेसं नाही. मग दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यातल्या खोक्यांचा फोटो, तोही फ्लॅशशिवाय. मग हातातल्या घड्याळाच्या तबकडीचा, पूर्ण झूमवर जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन. शेवटी रस्त्यावरून जाणारी दुचाकी. बटण अर्धं दाबून फोकस धरायचा आणि गाडी समोर आली की पूर्ण दाबायचं. दाबणं आणि टिपणं यात किती वेळ जातो ते इथे कळतं. रिंगणात अश्व धावत येतो तेव्हा दुसरी संधी नसते. तिथे १/१००० सेकंदाचा शटर वेग हाताने लावता यायला हवा, म्हणून कॅमेऱ्यात शटर निवडायचा मोड आहे का तेही तिथेच तपासा.

कार्ड घरी आणून फोटो संगणकावर शंभर टक्के मोठे करून बघा, आणि निर्णय दुसऱ्या दिवशी घ्या. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

हातात कसा बसतो हेही बघायचंच. वडिलांसाठी घेताय तर त्यांनाच घेऊन जा. मेनूची अक्षरं त्यांना चष्म्याशिवाय वाचता येतात का, बटणं त्यांच्या बोटांना सापडतात का, हे त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

ऑनलाइन स्वस्त माल

चार-सहा हजारांत ‘५६ मेगापिक्सेल, फोर-के, १६ एक्स झूम’ असं लिहिलेले अनोळखी नावाचे कॅमेरे खूप दिसतात. त्यांतल्या बहुतेकांत नखाच्या टोकाएवढा सेन्सर असतो, फोकस कायमचा एका अंतरावर बसवलेला असतो, झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं, आणि मेगापिक्सेल सॉफ्टवेअरनं फुगवलेले. ओळखायची खूण म्हणजे वर सांगितलेले लेन्सवरचे आकडे. झूमचा पहिला आणि शेवटचा आकडा लेन्सवर नसेल, झूम करताना लेन्स हलत नसेल (टीजीसारख्या जलरोधक कॅमेऱ्यात ती आतल्या आतच हलते, तेवढा अपवाद), माहितीत ‘ऑप्टिकल’ हा शब्द नसेल, तर घेऊ नका. मुलांना शिकायला म्हणूनही नको. त्या पैशात एखाद्या नामांकित कंपनीचा जुना कॅमेरा त्यांना कितीतरी जास्त शिकवेल.

नवा एक इंची कॅमेरा घ्यायचा तर पन्नास हजारांच्या आसपास किंवा पुढेच खर्च येतो. मोठ्या कंपन्यांनी स्वस्त कॉम्पॅक्ट बनवणं जवळजवळ बंद केलं आहे, म्हणून अनेकांची गाडी सेकंडहँडवर येते.

सेकंडहँड घेताना

मुंबईचा बोरा बाजार, पुण्यातली जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं, ओळखीतून मिळणारा माल, कुठूनही घ्या, पण हातात घेऊन आणि दिवसाउजेडी घ्या.

कॅमेरा कानाजवळ धरून चालू-बंद करा. लेन्स एका दमात, न खरखरता बाहेर यायला हवी. खरखर म्हणजे आत धूळ किंवा वाळू, आणि पुढे एक दिवस ‘लेन्स एरर’ लिहून कॅमेरा बंद पडणार. खिशातल्या कॅमेऱ्यात ही दुरुस्ती बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या किमतीएवढी होते. मग फोनची टॉर्च लेन्सवर तिरकी मारा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांत ती हटकून असते. अशा लेन्सला हात लावू नका, किंमत निम्मी केली तरी.

त्यानंतर लेन्स जितकी बारीक होते तितकी बारीक करून, म्हणजे एफचा आकडा सगळ्यात मोठा ठेवून, निरभ्र आकाशाचा फोटो काढा. काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि लेन्स निघत नसल्यानं ती घरी पुसता येत नाही. रिको जीआर ३ घेताना ही परीक्षा चुकवू नका. फ्लॅश, प्रत्येक बटण, चकती, कार्डाचं झाकण बघा. बॅटरी सपाट पृष्ठभागावर ठेवून गिरकी द्या. गरगर फिरली तर ती फुगली आहे.

मेनूची भाषा बदलून बघा. जपानच्या बाजारासाठी बनवलेल्या सोनीच्या कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानीतच असतो. ते थोडे स्वस्त मिळतात, पण घरातल्या कुणालाच वापरता येत नाहीत. कार्डाचा प्रकारही विचारा. फार जुन्या ऑलिंपस आणि फुजीफिल्मला एक्सडी कार्ड लागतं, जुन्या सोनीला मेमरी स्टिक. ही कार्डं शोधत फिरण्यात अर्थ नाही. एसडी लागत असेल तरी २००९-१० च्या आधीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ३२ जीबीच्या वरचं कार्ड चालत नाही.

नवा असो की जुना, बिल मागाच. नव्यावर भारतातली वॉरंटी आहे का आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा. साताऱ्याहून कॅमेरा बहुधा पुण्याला पाठवावा लागतो, तो दुकानदार पाठवतो की तुम्हाला जावं लागतं, हे आधीच ठरवून घ्या.

घरी आणल्यावर

तारीख-वेळ आधी लावा, नाहीतर दहा वर्षांनी कुठला गणपती कुठल्या वर्षीचा ते कळणार नाही. दुसरी बॅटरी लगेच घ्या. एका चार्जमध्ये २५० ते ३०० फोटो धरून चाला आणि थंडीत त्याहून कमी. कार्ड ६४ जीबीचं, व्ही ३० (ही कार्डाच्या वेगाची खूण) लिहिलेलं पुरतं. रॉ फॉरमॅट, म्हणजे कॅमेऱ्यानं न आवरलेली मूळ फाइल, असेल तर नेहमीच्या जेपेगबरोबर तोही चालू ठेवा. विहिरीसारख्या अर्धं ऊन, अर्धा अंधार असलेल्या जागी सावलीतला तपशील त्यातूनच परत मिळतो.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कमी-जास्त करायचं बटण पहिल्या दिवशीच शोधून ठेवा. कासवर धुकं उतरलं की कॅमेरा सगळं पांढरं बघून फोटो काळपट करतो, तिथे अधिक ०.७ किंवा अधिक १ ठेवा. उलट गर्द हिरव्या गवतात पांढरे गेंद असतील तर उणे ०.७, नाहीतर फुलांच्या जागी नुसते पांढरे ठिपके येतात. धुक्यात फोकस पुढे-मागे हेलकावत बसला तर एखाद्या खांबाच्या किंवा माणसाच्या कडेवर अर्धं बटण दाबून धरा आणि मग चौकट हवी तशी फिरवा.

चाळकेवाडीच्या पठारावर वाऱ्याबरोबर बारीक माती उडते. लेन्स बाहेर काढून फिरू नका, फोटो काढला की कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवा. एसी गाडीतून एकदम पावसाळी हवेत कॅमेरा काढला की काचेवर दव धरतं. पिशवी न उघडता दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. भिजून घरी आलात तर बॅटरी आणि कार्ड काढून, सगळी झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली रात्रभर ठेवा. तांदळात पुरू नका, त्याची पूड लेन्सच्या नळीत जाते. टीजीसारखा जलरोधक कॅमेरा मात्र झाकणं बंद ठेवूनच गोड्या पाण्यात खळबळून कोरडा करा आणि झाकण उघडताना रबरी कडेवर केस किंवा धागा नाही ना ते बघा. जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या पाकिटात ठेवायचा नाही. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, रंग बदलणारं जेल मिळालं तर उत्तम, आणि पंधरवड्यातून एकदा बाहेर काढून दहा-वीस फोटो काढा.